आमची पट्टी कोणती?

शास्त्रपाठ : गणना, अध्याय २ रा, २ राजे, अध्याय १८ वा, वचनें १ ते ४.



गेल्या पंधरवड्यांत आमच्या फेरीवरील एका खेड्याच्या उपदेशकांनीं आम्हांकडे एक कागद पाठविला. रविवारशाळेंतील दहा वर्षांच्या एका मुलानें तो रंगविला आहे. राष्ट्रीय निशाणाचे तीन पट्टे त्यानें नीट काढिले आहेत. परंतु मध्यें चक्राच्या जागीं निळा क्रूस घातला आहे, आणि खालीं "आमचें निशाण" असें मोठ्या अक्षरांनीं लिहिलें आहे. हा कागद शाळेच्या भिंतीवर लावावा, कीं मुलास रागें भरावें, असा उपदेशकांचा प्रश्न आहे. ते आणखी लिहितात कीं, मुलगा ज्या शाळेंत शिकतो तेथें एका सोबत्यानें त्यास, "ह्यांत तुमची पट्टी कोणती?" असें विचारलें होतें. त्यास उत्तर देतां आलें नाहीं, म्हणून घरीं येऊन त्यानें हें चित्र काढिलें.

तें पाहून आम्हांस प्रथम हंसूं आलें, आणि मग कांहीं वेळ आम्ही स्तब्ध बसलों. कारण हाच प्रश्न आम्हांसही लहानपणीं शाळेच्या आवारांत विचारण्यांत आला होता. तेव्हां "पांढरी" असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. तें उत्तर एके काळीं खरें होतें; परंतु आमच्या जन्माच्या पुष्कळ पूर्वीं तें बदललें होतें, हें आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें. मंडळींतील पुष्कळ वडील माणसें अजून हेंच उत्तर मुलांस देतात. म्हणून शास्त्रभागाकडे वळण्यापूर्वीं ह्या पट्ट्यांची हकीकत सांगतों; ती अंमळ लांब आहे, तरी धीर धरावा.

आपल्या देशाचें निशाण एका मनुष्यानें एका बैठकींत काढिलें असें झालें नाहीं. एकामागून एक पुष्कळांनीं आपापले नमुने पुढें मांडिले. १९०५ च्या सुमारास भगिनी निवेदिता ह्यांनीं तांबड्या वस्त्रावर वज्राचें चिन्ह काढिलें. २२ ऑगस्ट १९०७ रोजीं जर्मनी देशांतील श्टुटगार्ट शहरीं श्रीमती भिकाईजी कामा ह्यांनीं परक्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर तिरंगी वस्त्र फडकविलें. त्यावर कमळें, सूर्य, चंद्र व "वंदे मातरम्" हीं अक्षरें होतीं. तें वस्त्र पुण्यास केसरीवाड्यांत जतन करून ठेविलें आहे. १९१७ सालीं होमरूलच्या चळवळींत लोकमान्य टिळक व श्रीमती बेझंट ह्यांनीं जें निशाण घेतलें, त्यांत पांच तांबडे व चार हिरवे पट्टे, सप्तर्षींचे सात तारे, आणि कोपऱ्यांत इंग्रजांचें निशाण होतें. हा कोपरा लोकांस आवडला नाहीं, यांत नवल नाहीं.

त्या इंग्रजी निशाणाविषयीं येथेंच एक गोष्ट बोलून टाकूं. त्यांत संत जॉर्ज, संत अँड्र्यू व संत पॅट्रिक ह्यांचे तीन क्रूस एकावर एक घातलेले आहेत, आणि हें रूप त्यास १८०१ सालीं आलें. आपल्या आजोबांच्या पिढींतील कांहीं भोळ्या भावांची अशी समजूत होती कीं, ज्या वस्त्रावर क्रूस आहे तें आपलें. प्रियजनहो, त्याच तीन क्रूसांखालीं चीन देशाकडे अफूचीं गलबतें गेलीं, आणि ती अफू त्या लोकांच्या गळीं उतरविण्याकरितां १८३९ पासून १८४२ पर्यंत युद्ध झालें. वस्त्रावर क्रूस शिवल्यानें राज्य पवित्र होत असतें, तर असें झालें नसतें. तेव्हां आमच्या ह्या लहान चित्रकाराची इच्छा निर्मळ असली, तरी त्यानें सुचविलेला उपाय जगांत एकदां करून पाहिलेला आहे.

आतां पांढऱ्या पट्टीकडे येतों. आंध्र प्रांतांत पिंगळी वेंकय्या नांवाचे एक गृहस्थ होते. निशाण कसें असावें ह्याचाच त्यांनीं ध्यास घेतला होता, आणि १९१६ सालीं अनेक नमुन्यांचें एक पुस्तकही त्यांनीं प्रसिद्ध केलें होतें. १९२१ सालीं बेझवाडा येथें काँग्रेसची सभा भरली, तेव्हां त्यांनीं तांबड्या व हिरव्या रंगांचा नमुना गांधीजींपुढें ठेविला. तांबडा हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा. त्यावर चरखा असावा, ही सूचना जालंधरचे लाला हंसराज ह्यांची होती. गांधीजींनीं त्यांत तिसरा रंग घालण्यास सांगितलें. इतर सर्व धर्मांच्या लोकांकरितां तो पांढरा. आपण ख्रिस्ती लोक त्या "इतर" शब्दांत आलों. आमचें "पांढरी" हें उत्तर तेथून निघालें.

ह्यांत एक गोष्ट विशेष होती, आणि ती आम्हांस फार प्रिय वाटते. त्या निशाणांत पांढरा पट्टा सर्वांच्या वर होता, त्याखालीं हिरवा, आणि सर्वांत खालीं तांबडा. संख्येनें जे थोडे त्यांस पहिली जागा, आणि जे सर्वांत पुष्कळ त्यांनीं खालीं राहून दुर्बळांची ढाल व्हावें, असा गांधीजींचा भाव होता. ज्या गांवांत पाणवठ्यावर आपल्या वाडवडिलांस शेवटचीही जागा मिळत नव्हती, त्या गांवच्या लोकांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. त्याच निशाणासाठीं १९२३ च्या मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत नागपुरास सत्याग्रह चालला, आणि तें हातीं घेऊन मनाई असलेल्या रस्त्यानें चालल्याबद्दल शेंकडों माणसें तुरुंगांत गेलीं.

परंतु जमातीजमातींस रंग वांटून दिल्यावर वांटणीचे जे परिणाम व्हावयाचे ते झालेच. शीख बांधव म्हणाले, आमचा रंग कोठें आहे? त्यांचें म्हणणें अन्यायाचें नव्हतें. पण मग पारशी, जैन, यहूदी ह्या प्रत्येकानें एकेक धागा मागितला असता, तर निशाणाऐवजीं वाकळ तयार झाली असती. म्हणून १९३१ सालीं कराची येथें सात जणांची समिती नेमण्यांत आली. तींत आपल्या भागाच्या ओळखीचे दोघे होते. मूळचे सातारचे काका कालेलकर, आणि हुबळीचे डॉक्टर ना. सु. हर्डीकर. समितीनें ठरविलें कीं सर्व वस्त्र एकाच केशरी रंगाचें असावें, आणि कोपऱ्यांत चरखा असावा. म्हणजे वांटणीचा तंटाच नको! उपाय सोपा होता खरा. तथापि त्याच वर्षीं ऑगस्टांत मुंबईस भरलेल्या सभेस तो नमुना पसंत पडला नाहीं. तिनें केशरी, पांढरा व हिरवा हे तीन रंग ठेविले, तांबडा काढिला, पांढरा वरून मध्यें आणिला, आणि स्पष्ट ठराव केला कीं ह्या रंगांस कोणत्याही जमातीचा अर्थ नाहीं. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांति, हिरवा म्हणजे विश्वास व शौर्य.

त्या दिवशीं आमची पट्टी गेली. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आणि ज्याची हक्काची पट्टी जाते, त्यास थोडें उघडें पडल्यासारखें वाटतें. वरची जागाही गेली. पण विचार करून पाहा. "इतर" ह्या नांवाखालीं ढालीच्या आड उभें राहणें सुखाचें असलें, तरी ढालीआडच्या मनुष्यापाशीं कोणी धैर्य व त्याग मागत नाहीं. १९३१ पासून तो मागितला जात आहे. केशरी रंग जितका आपल्या पाटलाचा, तितकाच आपल्या वस्तींतील विधवेचा झाला. हिरवा जितका मोहल्ल्यांतील भावांचा, तितकाच आपला. आज कोणी शेजारी केशरी पट्टी एकट्याची म्हणून सांगूं लागला, तर त्यास न रागावतां हा ठराव सांगावा. मात्र त्याच वेळीं आपण पांढरी धरून बसलों असूं, तर आपल्या सांगण्यास वजन राहणार नाहीं.

पुढें २२ जुलै १९४७ रोजीं पंडित नेहरूंनीं घटनासभेंत निशाणाचा ठराव मांडिला. चरख्याच्या जागीं सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आलें. चरखा एका बाजूनें सुलटा दिसला तर दुसऱ्या बाजूनें उलटा दिसतो, आणि चक्र दोन्हीं बाजूंनीं सारखेंच दिसतें, हें एक कारण होतें. गांधीजींना हा फेरफार रुचला नव्हता. घरांत सूत कातणाऱ्या आपल्या आज्यांनाही तो रुचला नसता, असें आम्हांस वाटतें. परंतु तें असो. त्या दिवशीं बोलणाऱ्यांत छोटा नागपुरचे जयपालसिंह होते. हे मुंडा जातीचे, खेड्यांत जन्मलेले, रांचीच्या मिशन शाळेंत शिकलेले, आणि १९२८ च्या ऑलिंपिक सामन्यांत हिंदी हॉकी संघाचे कर्णधार. आदिवासींच्या वतीनें त्यांनीं निशाणाचा स्वीकार केला, आणि सभेस आठवण दिली कीं, निशाण उभारणें व त्यासाठीं लढणें हें आदिवासींनीं सर्वांच्या आधीं केलें आहे. त्यांच्या मुलुखांत गांवोगांव स्वतःचें निशाण असतें. म्हणजे गांवचें निशाण टाकून द्या असें त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं, आणि तें सर्वांच्या निशाणावर चिकटवा असेंही सांगितलें नाहीं.

आतां शास्त्रभाग पाहा. अरण्यांत इस्राएल लोकांची छावणी होती तिचा नकाशा गणनेच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. पूर्वेस यहूदाचें निशाण, दक्षिणेस रऊबेनाचें, पश्चिमेस एफ्राइमाचें, उत्तरेस दानाचें. आणि मध्यें देवाचा मंडप. मोशेनें त्या निशाणांवर कोणतीं चित्रें होतीं, कोणते रंग होते, हें एका शब्दानेंही लिहिलें नाहीं! पंडितांनीं पुढें तर्क पुष्कळ केले. मोशेनें जें लिहिलें तें इतकेंच कीं कोणी कोठें उतरावें, आणि कूच करितांना कोणी आधीं व कोणी मागून निघावें. दहाव्या अध्यायांत दानाचें निशाण सर्वांच्या पाठीमागें चालतें, म्हणजे जो मागें राहील त्याची राखण करितें. निशाणाची किंमत देवानें रंगावरून केली नाहीं. त्याखालीं चालणारे कोणाची राखण करितात ह्यावरून केली.

दुसरा शास्त्रभाग कठीण आहे. मोशेनें काठीवर उंच केलेला पितळी साप देवाच्याच आज्ञेनें केलेला होता. त्याकडे पाहून मरणारे वांचले. परंतु पुढें लोक त्यापुढें धूप जाळूं लागले, तेव्हां हिज्कीया राजानें तो फोडून टाकिला. चांगलें चिन्हही पूजेस बसविलें कीं बिघडतें. राष्ट्राच्या निशाणास मान द्यावा, त्यास धूप दाखवूं नये, असें आम्ही लग्नसराईंत व सभांत पुष्कळदां सांगत आलों. पण हेंच क्रूसाच्या आकृतीसही लागू आहे, हें आम्ही तितक्या वेळां सांगत नाहीं. ही चूक आमची आहे.

तर मग त्या कागदाचें काय करावें? उपदेशकांनीं मुलास मुळींच रागें भरूं नये. राष्ट्रीय निशाणावर कोणतींही अक्षरें वा चिन्हें घालूं नयेत, असा नियम आहे. १९७१ च्या कायद्यांत व २००२ च्या ध्वजसंहितेंत तो सांगितला आहे. म्हणून तो कागद भिंतीवर लावूं नये. पुढल्या रविवारीं वर्गांत त्या सोबत्याचाच प्रश्न पुन्हां विचारावा, आणि १९२१ व १९३१ ह्या दोन्हीं सालांची गोष्ट मुलांस सांगून उत्तर त्यांच्याच तोंडून घ्यावें.

मुलाच्या मनांत जें निशाण आहे तें मंडळीचें म्हणून वेगळें करितां येईल. येत्या कापणीच्या उपकारस्तुतीच्या सणास, शेतांतील ज्वारीच्या कणसांबरोबर, तें वेगळ्या वस्त्रावर शिवून प्रार्थनामंदिरांत आणावें. रंग कोणते, हें मुलांनीं ठरवावें व शिवण बायांनीं करावी. काठी निराळी असावी. राष्ट्रीय निशाणाच्या शेजारीं अथवा त्याहून उंच दुसरें निशाण लावूं नये, हाही नियमच आहे, म्हणून १५ ऑगस्ट व २६ जानेवारी ह्या दिवशीं तें मंदिराच्या आंत राहूं द्यावें.

कागद आम्ही परत पाठवीत आहों. त्याच्या मागल्या बाजूस मुलानें पेन्सिलीनें एक चक्रही काढून पाहिलें आहे. आम्हीं आरे मोजले, ते बावीस भरले. राहिलेले दोन त्याच्याकडून काढून घ्यावे.