कल्पित राष्ट्राचा करदाता कोण?

कल्पित राष्ट्र उभारणाऱ्या लेखकाला नगररचना, देवालये, युद्धनीती यांची वर्णने सहज साधतात. त्याची खरी कसोटी लागते ती एका रूक्ष प्रश्नापाशी : शासनाचा हिशेब कोणाशी, व्यक्तीशी की कुटुंबाशी? आयकर आणि कुटुंबकल्याण यांच्या सुधारणेचा वाद वरकरणी दरांचा आणि सवलतींचा भासतो. मुळात तो नैतिक व्यक्तित्वाचा वाद आहे.

थॉमस मोरच्या 'युटोपिया'त (१५१६) पैसाच नाही, म्हणून आयकरही नाही. कुटुंबप्रमुख बाजारात जातो आणि लागेल ते मोबदल्यावाचून घेऊन येतो. प्रत्येक नगरात सहा हजार कुटुंबे, प्रत्येक कुटुंबात दहा ते सोळा प्रौढ. संख्या वाढल्यास माणसे दुसऱ्या घरात हलवायची. भूक अशा रीतीने संपते, उतरंड मात्र शाबूत राहते. महिन्याच्या अखेरच्या सणाला देवालयात जाण्यापूर्वी पत्नीने पतीच्या पाया पडून आपल्या चुकांची कबुली द्यायची, हा तेथील रिवाज. कल्याण कुटुंबाला पोचले की कुटुंबातील प्रत्येकाला पोचले, असे मोर गृहीत धरतो.

एडवर्ड बेलमीच्या 'लुकिंग बॅकवर्ड'मध्ये (१८८८) हेच गृहीतक मोडले जाते, आणि ही त्या कादंबरीची, तिच्या सर्व नीरसपणासह, मोठी कामगिरी मानावी लागेल. इ. स. २००० मधील बॉस्टनमध्ये प्रत्येकाला समान वार्षिक वाटा क्रेडिट कार्डावर मिळतो. स्त्रीचे आणि मुलाचेही खाते थेट राष्ट्राशी. निर्वाहासाठी पत्नीने पतीवर अवलंबून असणे तेथे अपमानास्पद ठरते. ब्रिटनमध्ये पत्नीचे उत्पन्न करापुरते पतीचेच मानण्याची रीत १९९० पर्यंत टिकली, हे ध्यानात घेतले म्हणजे बेलमीच्या धाडसाचे मोल कळते.

परंतु याच राष्ट्रात स्त्रियांच्या श्रमसेनेतील वरची पदे केवळ पत्नी व माता झालेल्यांसाठी राखीव आहेत. निर्वाह विवाहापासून सोडवला, पात्रता पुन्हा विवाहालाच बांधली. शिवाय ही व्यवस्था उलगडून सांगतात ते डॉ. लीट, मोरकडे सारे निवेदन हिथलोडेचे. ज्यांच्या कल्याणाची चर्चा चालते त्यांचा आवाज दोन्ही संहितांत जवळजवळ नाही. भारतीय आयकर कायद्याने हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानले आणि त्याच्या व्यवस्थापकाला 'कर्ता' ही संज्ञा रूढ झाली. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर कल्याणाच्या वाक्यात स्त्रीला चतुर्थी मिळते, प्रथमा नाही.

तरीही व्यक्तीला एकक मानल्याने प्रश्न सुटत नाही. मुलाच्या खात्याबाबत आईवडील काही प्रमाणात पालक म्हणून वागतील, एवढेच बेलमी म्हणतो. ते प्रमाण किती आणि आईवडिलांचे एकमत न झाल्यास निर्णय कोणाचा, यावर डॉ. लीट बोलत नाहीत. आणि त्यांचा पाहुणा ज्युलियन वेस्टही त्यांना विचारत नाही.