घटस्फोटित आई आणि वयाने लहान वर

शंका : घटस्फोट झालेल्या, एका मुलाची आई असलेल्या स्त्रीचे स्वतःहून सहा वर्षांनी लहान अशा अविवाहित तरुणाशी प्रेम जमले आहे. हा विवाह शास्त्राला मान्य आहे का? गुरुजी आधी कुंभविवाह करा म्हणतात. मुलाचे गोत्र कोणते राहील?

समाधान : वधू वयाने लहान असावी आणि पूर्वी कोणाची झालेली नसावी, असे याज्ञवल्क्य सांगतो. ते लपवण्याचे कारण नाही. पण पुनर्विवाहाच्या प्रश्नात प्रमाण धरावे ते पराशराचे. पती बेपत्ता, मृत, संन्यासी, क्लीब किंवा पतित झाल्यास स्त्रीने दुसरा पती करावा, अशी मोकळीक तो देतो. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी याच वचनावर बाजू मांडली आणि १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. घटस्फोट त्या पाचांत नाही. मात्र संसार मोडल्यावर स्त्रीने जन्मभर तसेच बसलेच पाहिजे असा पराशराचा आग्रह नव्हता, एवढे त्यातून दिसते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा वयाबाबत वराला २१ आणि वधूला १८ वर्षे पूर्ण असावीत एवढेच म्हणतो. दोघांत थोरले कोण, हे विचारत नाही. घटस्फोटाच्या हुकुमावर अपील न होता त्याची मुदत टळलेली असली किंवा अपील फेटाळले गेले असले म्हणजे झाले.

आता कुंभविवाह. कन्येच्या पत्रिकेत वैधव्ययोग दिसला तर तिचे लग्न आधी कुंभाशी लावायचे, भोवती सूत गुंडाळायचे आणि मग तो कुंभ पाण्यात सोडायचा, असा हा विधी. जिचे लग्न एकदा लागून मोडलेही, तिला पुन्हा ‘कन्या’ ठरवून कलशापुढे बसवण्याला आधार कोणता? आधार असतो तो यादीला : तांब्याचा कलश, धोतर-उपरणे, सोन्याची प्रतिमा, वर दक्षिणा. पंचेचाळिशीच्या बिजवराने पंचविशीची नवरी आणली की हेच गुरुजी अंतराबद्दल चकार शब्द काढत नाहीत, मुहूर्त तेवढा काढून देतात. भीती दाखवून घेतलेल्या दक्षिणेला धर्मकृत्य म्हणणे हा धर्माचाच अपमान आहे. सप्तपदी करावी, ती विधीत असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम ७ सांगते. कलशाचे नावही त्यात नाही.

मुलाचे गोत्र आईच्या लग्नाने बदलत नाही. मुंजीच्या संकल्पात जन्मदात्याचेच गोत्र उच्चारावे. सावत्र वडिलांनी मुलाला रीतसर दत्तक घेतले तर त्यांचे गोत्र लागते, आणि त्यासाठी जन्मदाता हयात असल्यास सहसा त्याची संमती लागते.