कुणाच्या माथी

भूम तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात कोंडाबाईचं घर शेळ्यांवर चालायचं. अकरा उस्मानाबादी, काळ्याभोर, बहुतेक जुळी देणाऱ्या. शेळी पाच महिन्यांत विते म्हणून ती गरिबाला परवडते. पोटातलं गेलं, तर ते पाच महिने चारापाण्यासकट बुडतात.

आखाडात बाजारातून आणलेली एक शेळी चौथ्या महिन्यात गाभडली. कोंडाबाई म्हणाली, टक्कर लागली असेल. तिचं खोटं नव्हतं. गव्हाणीपाशी शेळ्या एकमेकींना ढुसण्या देतात, कुत्रं मागं लागतं, बुरसटलेला चारा पोटात जातो. गाभडायला कारणं पुष्कळ. पण पौषात पंधरा दिवसांच्या आत आणखी तीन गाभडल्या, तेव्हा तिने कारण बदललं.

"या घरात पोटात राहिलेलं टिकतच नाही," ती शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

सून रेखा तेव्हा गोठ्यात वार गोळा करत होती. दिवाळीआधी तिचाही गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला होता. तेव्हापासून तिला मधूनमधून ताप यायचा, रात्री घाम फुटायचा, सांधे धरायचे. अशक्तपणा आहे म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गाभडलेल्या शेळीखालची घाण उघड्या हातांनी काढणं हे त्या घरात सुनेचं काम होतं, आणि ते तिने आखाडातही केलं होतं.

लसीकरणाला आलेल्या पशुसखीने नुसत्या तारखा विचारल्या. कोणती शेळी कधी फळली, कधी गाभडली, कुठून आणलेली? कोंडाबाईला सांगता येईना. रेखाला सगळं पाठ होतं. पशुसखीने डॉक्टरांना बोलावलं, शेळ्यांचं रक्त पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत गेलं, आणि चार शेळ्यांना ब्रुसेला निघाला.

"हा आजार माणसालाही होतो," डॉक्टर म्हणाले. "वारेतून, विताना पडणाऱ्या पाण्यातून, कच्च्या दुधातून. शेळ्यांचं कोण करतं? त्यांचं रक्त तपासून घ्या."

रेखाला तो होता. सहा आठवडे गोळ्या चालल्या. गर्भ त्यानेच पडला का, हे दवाखान्यातल्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं नाही. गरोदरपणी हा आजार झाला तर तसं होऊ शकतं, एवढंच म्हणाल्या. कोंडाबाई शेजारच्या बाकावर बसून ऐकत होती. सुनेची सावली शेळ्यांवर पडली असं ती गल्लीभर सांगत आली होती.

आता चार शेळ्यांचं काय? एकदा गाभडलेली शेळी पुढच्या वेताला पुष्कळदा नीट विते, अंगानेही चांगली दिसते, पण रोग तिच्या दुधातून आणि वारेतून पसरत राहतो. बाजारात त्या चारींचे चांगले पैसे आले असते आणि कुणी काही विचारलंही नसतं. दलाल दोनदा येऊन गेला.

"आपल्याला ती बाजारातली शेळी ज्याने विकली, त्याला ठाऊक असेल का गं?" कोंडाबाईने एका रात्री विचारलं.

"असेल, नसेल. आपल्याला तर ठाऊक आहे, आत्या."

शेळ्या बाजारात गेल्या नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या मारून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. घरावर कर्ज होतं, ते वर्षभर लांबलं. गल्लीत मोठ्याने बोललेलं कोंडाबाईने मोठ्याने परत घेतलं नाही. सासवांना ते जमत नाही, निदान आमच्याकडच्या. पण यापुढे वार उचलायला ती स्वतः जाऊ लागली, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून.

पुढच्या हंगामात राहिलेल्या सात शेळ्या दिवस भरून व्याल्या. तरी करडं मेलीच. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही कोंडाबाईच्या सासूपासूनची रीत. करडाला आईच्या पोटात असताना रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती चिकातून मिळते, आणि तो पहिल्या तासाभरात पोटात जायला हवा. वार पडायला कधी सहा-सात तास लागतात. पशुसखीने हे सांगून ठेवलेलं, रेखाने ऐकलेलं, पण त्या थंडीच्या रात्री राखणीला कोंडाबाई होती. पहाटे जुळ्यातलं एक मेलेलं आणि दुसरं गारठलेलं.

रेखाने त्याच्या तोंडात बोट घातलं. आत थंड लागलं. अशा करडाला लगेच दूध पाजलं तर ते पचत नाही, श्वासनळीत जाण्याचीही भीती. तिने त्याला कोरडं पुसलं, पोत्यात गुंडाळलं, दोन्ही अंगांनी कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. तोंड उबदार लागलं आणि ते बोट चोखू लागलं, तेव्हा पिळलेला चीक थोडाथोडा पाजला, नाळेला आयोडीन लावलं. दुपारी ते चार पायांवर उभं राहिलं.

पशुसखीने दिलेल्या वहीत रेखा मेलेल्या करडाची नोंद करत होती. तारीख, आई, वजन. कारणापाशी तिचं पेन थांबलं.

"लिही की," कोंडाबाई म्हणाली. "चीक उशिरा. राखणीला मी."

आठवड्याने एका तिळ्यातलं सर्वांत लहान करडू गेलं. त्याला वेळेवर चीक मिळाला होता, ऊबही मिळाली होती. कोंडाबाई सवयीने कुणावर तरी ढकलू पाहत होती. मग गप्प बसली. रेखाने लिहिलं, "कारण कळलं नाही", आणि पान उलटलं.

वाचकहो, तुमच्या गोठ्यात दुसरी शेळी गाभडली, तर तिसरीची वाट पाहू नका. वारेला उघडा हात लावू नका, कुत्र्यांच्या तोंडी ती जाऊ देऊ नका, शेळी वेगळी बांधून पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आणि तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत तिला बाजार दाखवू नका.