चेहऱ्याची अमानत

नगरच्या मुकुंदनगर भागात राहणारी आमच्या नात्यातली एक मुलगी पुण्यात चित्रकला शिकते. (शहराचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, पण अहमदनगर होते तेव्हाही आम्ही नगरच म्हणत होतो.) कॉलेज सुटल्यावर ती एका स्टुडिओत उमेदवारी करते. तिथे कार्टूनपटांसाठी आणि मुलांच्या पुस्तकांसाठी पात्रे घडवणारी माणसे आहेत, ज्यांना ‘कॅरेक्टर डिझायनर’ म्हणतात. लेखक लिहून मोकळा होतो, ‘एक म्हातारा होता.’ तो म्हातारा वाकलेला की ताठ, त्याच्या वहाणा कशा, रागावला की त्याच्या भुवया कुठे जातात, हे ही मंडळी ठरवतात. मग तेच पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून काढून त्याचा तक्ता तयार करतात, म्हणजे पुढे दहा जणांनी काढले तरी माणूस तोच राहावा.

उस्तादांनी तिला पहिला धडा दिला तो असा: पात्र पूर्ण काळ्या रंगाने भरून टाकले तरी नुसत्या सावलीवरून ते ओळखू आले पाहिजे. दुसरा धडा आकारांचा. गोल आकार मायाळू वाटतो, चौकोनी भरवशाचा, टोकदार धोक्याचा. मुलगी हुशार. तिसऱ्या आठवड्यात तिला चोरट्या मालाच्या टोळीचा म्होरक्या काढायला सांगितला. अर्ध्या तासात तिने तो काढला. टोकदार दाढी, मिशी सफाचट, डोळ्यांत सुरमा, डोक्याला जाळीची टोपी, घोट्याच्या वर पायजमा. उस्ताद खूश झाले. म्हणाले, “शाबास, लगेच ओळखू येतो.”

ईदच्या सुट्टीत तिने तो तक्ता हौसेने घरी दाखवला. दादीने चष्मा पुसला, कागद दूर धरला, जवळ धरला आणि विचारले, “ये कौन है बेटा? अपने मोहल्ले का लगता.”

त्या रात्री मुलगी जेवली नाही, असे तिच्या अम्मीने आम्हाला सांगितले.

यात दोष कुणाचा? उस्ताद वाईट माणूस नव्हे. तिला फी न घेता शिकवतो. मुलीच्या मनातही काही काळेबेरे नव्हते. ती टोपी, तो सुरमा तिला कुणी शिकवलाच नव्हता. लहानपणापासून पाहिलेल्या सिनेमांतून, चित्रकथांतून तो हातात उतरलेला होता. हात मनाच्या आधी शिकतो, आणि शिकलेले सहजासहजी विसरत नाही.

आपल्या घरांत चित्राचा विषय निघाला की एकच जुना प्रश्न पुढे येतो: जिवंत वस्तूचे चित्र काढणे जायज की नाजायज? चित्र घडवणाऱ्याला कयामतच्या दिवशी त्यात प्राण फुंकायला सांगितले जाईल, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. चित्रांवर पोट भरणाऱ्या एका माणसाला इब्ने अब्बास यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितले, हेही आपण जाणतो. दुसरीकडे हजरत आयेशांच्या बाहुल्यांची रिवायतही आहे. आम्ही आलिम नाही; निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. (एवढे मात्र दिसते की या प्रश्नावर सर्वांत मोठ्याने बोलणारे लग्नाच्या व्हिडिओत पहिल्या रांगेत असतात.) आमचा मुद्दा निराळा आहे. काढावे की काढू नये, इथेच आपला वाद थांबतो. काढलेच, तर ज्याचे काढले त्याचे आपण काय केले, हे कुणी विचारत नाही.

यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहेत. माणसात जे आहे ते त्याच्या पाठीमागे, त्याला दुखेल असे बोलणे ही गीबत. आणि जे नाहीच ते त्याच्या माथी मारणे हे बोहतान. जिभेने केलेले बोहतान गुन्हा, मग पेन्सिलीने केलेले काय? आणि ते एका माणसावरही नाही. त्या तक्त्यातल्या टोपीखाली कुणा एकाचे डोके नव्हते. दादीला म्हणून तर तो आपल्या मोहल्ल्यातला वाटला.

आणि हे काम केवळ कच्चे हात करतात असे नाही. नगरच्या इतिहासातच याचा दाखला आहे. 1600 मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, त्यानंतर मलिक अंबर या हबशी सरदाराने निजामशाही पुन्हा उभी केली आणि वर्षानुवर्षे मोगलांना दाद दिली नाही. जहांगीराच्या पदरी अबुल हसन नावाचा चित्रकार होता, ‘नादिर-उज-जमान’ असा किताब मिळवलेला. त्याने सुमारे 1616 मध्ये एक चित्र काढले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या तुटलेल्या शिरावर बाण सोडतो आहे. असे कधी घडलेच नाही. अंबर मोगलांच्या हाती लागला नाही. 1626 मध्ये तो नैसर्गिक मृत्यूने गेला, आणि त्याची कबर खुलदाबादला आहे. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. त्यातली नजाकत पाहून आजही विद्यार्थी थक्क होतो. होऊ नये असे आम्ही कसे म्हणणार?

पण त्याच दरबारातल्या हाशिम या चित्रकारानेही अंबर काढला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते चित्र आहे. पांढरा जामा, थोराड बांधा, हातात लांब तलवार, शांत उभा असलेला एक मातब्बर माणूस. बादशहाचा वैरी असूनही माणूस. दोघेही एकाच बादशहाचे नोकर. हातात कोण सरस, याचा निकाल जाणकारांनी लावावा. शागिर्दाने कुणाकडे काय शिकावे, हा आमचा सवाल.

त्या मुलीला काही हितचिंतकांनी सोपा सल्ला दिला: टोपी-दाढीवाला काढूच नकोस, म्हणजे भानगड नाही. हाही न्याय नव्हे. हुसेन निजामशहाच्या स्तुतीत आफताबी कवीने रचलेली ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. निजामशाही चित्रकलेचा हा फार मोलाचा ठेवा. चांदबिबीची आई खुंजा हुमायून ही राणी त्या चित्रांत नवऱ्याशेजारी बसलेली होती. 1569 मध्ये मुलानेच तिला कैद केले, आणि बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसली गेली. राजा राहिला, शेजारची जागा डागाळलेली राहिली. मुलांच्या पुस्तकांतून आपली माणसे अशीच गाळायची असतील, तर आमच्या मते तो म्होरक्या काय वाईट?

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्याच शाळेच्या गॅदरिंगमध्ये सावकार म्हटला की गंध लावलेला, पोट सुटलेला लालाच यायचा, आणि आम्ही पोट धरून हसायचो. तेव्हा आमच्यातल्या कुणाचे जेवण अडले नाही.

नक्कल केल्याशिवाय शिक्षण नाही हेही खरे. अकबराच्या चित्रशाळेत आराखडा एकाचा, रंग दुसऱ्याचा, आणि चेहरे काढणारा, म्हणजे ‘चेहरानामी’ करणारा, तिसराच असे. पालखी वाहणाऱ्याचा मुलगा दसवंत भिंतींवर चित्रे काढी. अकबराने त्याला ख्वाजा अब्दुस्समद यांच्या हाती सोपवले, आणि तो मोठा चित्रकार झाला. तकलीद केल्यावाचून दसवंतही घडला नसता. फक्त रेष उचलताना त्या रेषेबरोबर आणखी काय उचलले जाते, हे शागिर्दाला फार उशिरा कळते.

सुट्टीनंतर मुलीने तो प्रसंग स्टुडिओतल्या एका वयस्क बाईंना सांगितला. त्याही पात्रे घडवणाऱ्याच. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, “पुढच्या खेपेला गावी जाशील तेव्हा बसस्टँडवर बस. पात्र काढू नकोस, माणसे काढ.” मग ती माळीवाड्याच्या स्टँडवर चार दिवस बसली. तिची वही आम्ही पाहिली. दाढीवाले एकोणीस निघाले. एकाच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. एक जण समोरचा दात नाही म्हणून तोंडावर हात ठेवून हसणारा. एक नातवाच्या बुटाची नाडी बांधताना टोपी पडू नये म्हणून मान तिरपी धरणारा. दाढी एकाचीही दुसऱ्यासारखी नव्हती.

नंतर तिने म्होरक्या पुन्हा काढला. आता त्याला दाढी नाही, टोपी नाही, आकारही गोलच. स्वच्छ बुशशर्ट, खिशाला चार पेन, चेहऱ्यावर अदब, आणि एक पाय नेहमी दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या आत. दादीने तो पाहिला आणि म्हणाली, “कौन है मालूम नै. पन इसकू घर में नको लेओ.”

उस्तादांना हाही पसंत पडला. सावलीवरून मात्र चटकन ओळखू येत नाही, म्हणाले. पहिला तक्ता स्टुडिओच्या फायलीत आहे. उमेदवारीत काढलेले काम स्टुडिओचे असते, तसा कागद तिने सही करून दिलेला आहे. तो पुढे कुठल्या पुस्तकात, कुठल्या पडद्यावर जाईल हे तिच्या हातात नाही. तिने परत मागून पाहिला. बघू, म्हणाले.