आजारी माणसास लपविणें

एका खेड्यांतील मंडळीच्या वडील बंधूंनीं आम्हांस असा प्रश्न केला : "पाळकसाहेब, 2020 सालच्या करोनाच्या सांथींत आशाताई दारीं आल्या, तेव्हां आमच्या शेजाऱ्यानें घरांत कोणी आजारी नाहीं असें सांगितलें. आंत त्याची म्हातारी आई तापानें पडली होती. हा खोटेपणा म्हणावा, कीं मातृभक्ति?"

आम्हीं उतावळेपणानें उत्तर दिलें, कीं खोटें तें खोटेंच. आणि त्याच आशाताई पुढच्या दारीं जाणार होत्या, तेथेंहि कोणाची तरी आई असेल. उत्तर चुकीचें नव्हतें. पण परततांना वाटेंत आमचें मन आम्हांस खाऊं लागलें, कारण त्या शेजाऱ्यास भय कशाचें वाटलें हें आम्हीं विचारलेंच नाहीं.

हें भय आपल्याकडे जुनें आहे. 1896 सालीं मुंबईस मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला आणि लौकरच पुण्यास पोहोंचला. 1897 च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत रँड साहेबांच्या हाताखालीं प्लेग कमिटी नेमिली गेली, व घरें तपासण्यास गोरे शिपाई लाविले. ते देवघरांत व स्वयंपाकघरांत शिरत, सामानसुमान जाळीत, आजाऱ्यास रुग्णालयांत व घरच्या माणसांस छावणींत नेत. लोक आपले रोगी लपवूं लागले. पंडिता रमाबाईंनीं सुद्धां त्याच वर्षीं 'बाँबे गार्डियन' पत्रांतून प्लेगच्या रुग्णालयांतील स्त्रियांच्या हालांविषयीं उघड तक्रार केली. 22 जूनच्या रात्रीं रँड यांजवर गोळी झाडण्यांत आली, तें वाचकांस ठाऊकच आहे. तो खून आम्ही निंद्यच मानितों; पण तक्रार करणारे सारे खुनी नव्हते.

उंदरांवरच्या पिसवांनीं प्लेग पसरतो, हें सिमाँ नामक फ्रेंच वैद्यानें 1898 सालीं दाखविलें. म्हणजे चादरी जाळणाऱ्यास रोगाची खरी वाट ठाऊक नव्हती. तरी उंदरांच्या घरांतून माणसें मोकळ्या मैदानांत नेणें हा उपाय बरोबरच होता. तो लोकांस नकोसा झाला, तो करणाऱ्या हातांमुळें.

त्याच दिवसांत मुंढव्याच्या एका आजारी मुलास सावित्रीबाई फुले यांनीं पाठीवर घेऊन आपले दत्तक पुत्र डॉक्टर यशवंतराव यांच्या दवाखान्यांत आणिलें. त्यांसहि प्लेग जडला, आणि 10 मार्च 1897 रोजीं त्या वारल्या. रोग्यास घरांतून काढून नेण्याचें काम शिपायानेंहि केलें व त्यांनींहि. शिपायापासून लेकरूं लपविणारी आई या पाठीपासूनहि तें लपविती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

अधिकाऱ्याचा हेतु चांगला, एवढ्यानें त्याची दांडगाई क्षम्य होत नाहीं. आणि दांडगाईच्या भयानें आपण रोगी लपविला, तर त्याचें प्रायश्चित्त अधिकारी घेत नाहीं. शेजारच्या पाळण्यांतलें मूल घेतें.

2020 सालीं कायदा तोच, 1897 चाच, लागू केला होता! पण धारावींत महानगरपालिकेच्या आरोग्यखात्यानें तेथीलच खासगी डॉक्टर बरोबर घेऊन दारोदार ताप पाहिला; आणि ज्या खोलींत सारें कुटुंब दाटीनें निजतें तेथें वेगळें राहा असें नुसतें न सांगतां, शाळांत व सभागृहांत सोय करून जेवण दिलें. ओळखीच्या डॉक्टरास ताप सांगणें सोपें जातें.

त्या वडील बंधूंस आम्हीं आतां पुन्हां लिहिलें आहे, कीं आपल्या शेजाऱ्याकडे एकदां बसावयास जावें, त्यास दोष देऊं नये, आणि त्या दिवशीं दारांत कोण उभें असतें तर आईचा ताप त्यानें सांगितला असता, तें नांव विचारून घ्यावें.