थांबलंस मा?

ऑस्ट्रेलियात ग्लेनडॅम्बो सोडलं की पुढचा पेट्रोल पंप थेट कूबर पेडीत, अडीचशे किलोमीटरवर. बांद्याहून एवढं अंतर कापलं तर रत्नागिरी मागे पडते आणि वाटेत किती वाड्या, किती वडापावच्या गाड्या लागतात. इथे मात्र लाल माती, खुरटी झुडपं, वाळलेली मिठाची तळी आणि सरळसोट स्टुअर्ट हायवे. मोबाइलला रेंज नाही. समोरून पंधरा-वीस मिनिटांनी एखादी गाडी येते आणि तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करतो. गाडी चालवणारा माझा मावसभाऊही बोट उचलायचा. तो अ‍ॅडलेडला असतो.

एका ठिकाणी बॉनेट उघडी ठेवून एक जुनी गाडी उभी होती. भावाने न विचारता ब्रेक मारला. पाण्याचा कॅन काढला, चालत गेला. म्हातारबुवा आरामात चहा करत बसले होते. इंजिन तापलं होतं, तेवढंच. उलट आम्हालाच चहा मिळाला.

"नाही थांबलो तर माणूस मरू शकतो इकडे," भाऊ म्हणाला. खरंच आहे ते. १९६३च्या डिसेंबरात बर्ड्‌सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचं एक कुटुंब अडकलं. गाडी सोडून चालत निघाले आणि तहानेने गेले, पाचही. तेव्हापासूनच नव्हे, त्याआधीपासून तिकडे हा अलिखित नियम आहे: गाडी अडकलेली दिसली की थांबायचं.

मी सहज विचारलं, "अ‍ॅडलेडमध्ये थांबतोस?"

"छे. तिथे लोक आहेत की."

त्या उत्तराने मला एकदम आमच्या हायवेवर आणून सोडलं.

त्याच्या आदल्या वर्षीची जुलैतली रात्र. गोव्यातली सेकंड शिफ्ट संपवून घरी येत होतो. बांद्यातली निम्मी पोरं अशीच रोज पत्रादेवी ओलांडून कामाला जातात. नाका मागे पडला, पाऊस धो धो. कडेला एक स्कूटर आडवी पडलेली, शेजारी एक माणूस डोकं धरून बसलेला. मी गाडी हळू केली. आरशात बघितलं, मागून दोन गाड्यांचे दिवे येत होते. मनात आलं, कोण तरी थांबतलोच. आणि गेलो.

पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीती होती असं सांगता आलं असतं. पण मला कायदा माहीत होता. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १३४अ कलम आलं. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्यावर त्यापायी खटला भरता येत नाही, नाव सांगण्याची सक्तीही नाही. गाडीत जागा होती, बांबोळीचा रस्ता पाठ होता. आमच्या भागात जीवावरचं काही झालं की सगळे बांबोळीलाच धावतात. मग अडलं कुठे? मागच्या दोन दिव्यांपाशी.

१९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. फोनसारख्या यंत्रावरून एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवायचा. ऐकणारा एकटाच आहे असं वाटलं तेव्हा १००तले ८५ मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१. हे वाचून आधी बरं वाटलं, म्हणजे मी चारचौघांसारखाच. मग त्या ३१ जणांनी पिच्छा पुरवला. त्यांनाही वाटलंच असेल की आणखी कोणीतरी ऐकतंय. तरी उठले.

गंमत म्हणजे मीही थांबलेलो आहे. एकदा तिलारी घाटात रात्री एक टेम्पो पंक्चर होऊन उभा होता. एका क्षणाचाही विचार न करता उतरलो, जॅक दिला, तासभर टॉर्च धरून उभा राहिलो. त्याचा मला बरेच दिवस अभिमान होता. आता वाटतं, ते श्रेय घाटाचं. तिथे दुसरं कोणी नव्हतंच, तर मी कोणावर ढकलणार? भावाच्या ब्रेकचं श्रेयही निम्मं त्या वाळवंटाला द्यावं लागेल. पण मग पत्रादेवीजवळचा दोषसुद्धा चौपदरी हायवेच्या माथी मारता यायला हवा, आणि तो काही मारता येत नाही. हिशोब एकतर्फी आहे, मान्य. मी बरेच दिवस तो जुळवायला बघतोय.

त्या माणसाचं पुढे काय झालं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे आरशाच्या काचेचे तुकडे होते. बहुतेक मागचा कोणी थांबला असेल. हे 'बहुतेक' मी रोज त्या जागेवरून जाताना म्हणतो.

त्या रात्री घरी पोचल्यावर आईला सांगितलं, रस्त्यात एक स्कूटरवाला पडला होता. जेवण वाढता वाढता तिने विचारलं, "थांबलंस मा?"

मी हो म्हटलं.

सकाळी दात घासत होतो, तर मागच्या दारी ती शेजारच्या काकींना सांगत होती, आमचो झील थांबलो म्हणून. काकींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी चूळ भरली आणि आत गेलो.