शब्बाथ, हद्द आणि बाबागाडी

शहरात राहणाऱ्या कुटुंबाने लेकरासाठी बाबागाडी घ्यावयाची ठरविली म्हणजे दुकानात जे प्रश्न निघतात ते बहुधा वजनाचे, किमतीचे आणि घडी घालण्याच्या सोयीचे असतात, आणि ते अनाठायीही नसतात. कारण ज्या घराला लिफ्ट नाही आणि ज्याचा जिना अरुंद आहे, तेथे थोडक्या वजनाचा फरकही आईच्या कमरेला रोज जाणवतो. परंतु हीच वस्तू एखाद्या समाजाच्या धर्मशास्त्रात जाऊन पोहोचली म्हणजे तिच्याभोवती किती निराळे आणि किती खोल प्रश्न उभे राहतात हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने लंडनच्या वायव्य भागातील गोल्डर्स ग्रीन, हेंडन किंवा फिंचली या वस्त्यांत शनिवारी सकाळी सिनेगॉगकडे पायी निघालेल्या ज्यू कुटुंबांचा विचार करावा. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी ही माणसे मोटारीत बसत नाहीत, पैशाला हात लावीत नाहीत, दिवा पेटवीत नाहीत. आणि रस्त्यावरून ओझे वाहणेही त्यांना निषिद्ध असल्यामुळे, २००३ सालापूर्वी या वस्त्यांत जी कुटुंबे शास्त्र काटेकोरपणे पाळीत, त्यांतील तान्ह्या मुलाच्या मातेला आपले मूल ना कडेवर घेऊन, ना गाडीत घालून, घराबाहेर पडता येई. ज्या दिवशी ईश्वराने मनुष्यमात्राला विश्रांती दिली, त्या दिवशी एका मातेला घरात अडकून पडावे लागत असेल, तर ती विश्रांती तिला पोहोचली असे म्हणावे काय?

या निषेधाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपण सहज समजतो तसा तो श्रमाचा निषेध नाही. शब्बाथला वर्ज्य मानलेल्या कर्मांचे मूळ प्रकार ३९ आहेत, आणि वस्तू एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेणे हा त्यांतील एक आहे. घराच्या चार भिंतींच्या आत एखाद्याने जड मेज दिवसभर इकडून तिकडे सरकविले तरी हा नियम मोडत नाही. परंतु खिशातला हातरुमाल घेऊन तो सार्वजनिक रस्त्यावर उतरला तर मोडतो. यिर्मया संदेष्ट्याने शब्बाथच्या दिवशी यरुशलेमच्या वेशीतून ओझी आणणाऱ्यांचा कडक निषेध केला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बाजारपेठेचा गजबजाट असावा. पुढे तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाच्या कर्त्यांनी त्याचे सूक्ष्म शास्त्र बनविले. मला या शास्त्राचे मर्म असे दिसते की, आठवड्यातून एक दिवस मनुष्याने जगाची मांडणी बदलण्याचा आपला हक्क खाली ठेवावा. हे माझे, ते तुझे, हे येथून उचलून तेथे न्यावे, या अखंड देवघेवीतून त्याने हात काढून घ्यावा. अपरिग्रहाचा उपदेश आपल्याकडेही पुष्कळ झाला आहे. पण तो एका दिवसापुरता, सर्व गृहस्थांना, राजापासून सेवकापर्यंत सारखाच लागू करणारी ही योजना मला फार थोर वाटते.

अडचण येते ती मुलापाशी. मूल ही वस्तू नव्हे, मग मुलाला नेणे हे ओझे वाहणे कसे? हा प्रश्न प्राचीन पंडितांनीही टाळलेला नाही. त्यांच्यात एक तत्त्व प्रसिद्ध आहे की, जिवंत माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर असला तरी स्वतःला वाहत असतो. त्याचा जीव त्याच्या देहाला सावरून धरतो, आणि म्हणून त्याला नेणाऱ्याचा दोष सौम्य ठरतो. परंतु सौम्य ठरला तरी तो नाहीसा होत नाही. आणि जे मूल अद्याप पाऊलही टाकू शकत नाही, त्याला तर अनेक भाष्यकार हे तत्त्वच लावीत नाहीत. ज्याला वाहून नेण्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच शास्त्राने पूर्णपणे ओझे ठरवावे, हे प्रथमदर्शनी निष्ठुर वाटते. त्याच परंपरेतील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, मूर्तिपूजकांचे देव जनावरांच्या पाठीवर लादले जातात, पण इस्राएलचा ईश्वर मात्र आपल्या प्रजेला गर्भापासून केस पिकेपर्यंत स्वतः वाहतो, असा विचार आला आहे. आणि खांद्याकडेवर लेकरे घेतलेला विठोबा ज्यांच्या भक्तीत भिनला आहे त्या आपल्यासारख्यांना तो विचार परका वाटण्याचे कारण नाही. जेथे वाहणे हे ईश्वराचेच कर्म सांगितले आहे, तेथे मातेने मुलाला वाहण्याने दिवसाचे पावित्र्य कमी होते असे मला मानवत नाही. तरीही शास्त्राच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: नियमाला ज्या दिवशी ‘माझ्या मुलापुरता अपवाद’ हे पहिले छिद्र पडते, त्या दिवसापासून प्रत्येकाजवळ आपापले एक लेकरू निघते.

बाबागाडीचा उल्लेख या शास्त्रात आजचा नाही, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात लहान मुलाच्या गाडीचा विचार आहे; ती बसण्याची गाडी की चालावयास शिकविण्याची, याविषयी भाष्यकारांत मतभेद असले तरी वाद मोठा उद्बोधक आहे. जमिनीवरून जड वस्तू ओढली तर चर पडतो, आणि चर पाडणे ही नांगरणीच्या जातीची क्रिया होय. परंतु रब्बी यहूदा यांचे म्हणणे असे की, गाडीचे चाक माती उकरीत नाही, केवळ दाबते, म्हणून गाडीला हरकत नसावी. आजही मऊ मातीवरून गाडी एकाएकी वळविताना चाक रुतून माती कापली जाईल काय, याची काळजी काही पंडित करतात. मग ज्या कुटुंबाला हा दिवस पाळावयाचा आहे त्याने गाडी निवडताना काय पाहावे? ज्या गाडीत विजेचे साहाय्य, दिवे किंवा संवेदक बसविले आहेत ती येथे निरुपयोगी. कारण तिला ढकलणे म्हणजे निषिद्ध कर्म करणे. छत गाडीला आधीच जोडलेले आणि बिजागरीवर उघडणारे असावे; कारण नवे आच्छादन ताणून पसरणे ही तंबू उभारण्याच्या जातीची क्रिया मानली जाते, तर जोडलेले छत उघडण्यास बहुतेक निर्णयकर्ते हरकत घेत नाहीत. चाके पक्की असावीत, कारण वाटेत चाक निखळले तर ते घट्ट बसविणे त्या दिवशी करता येत नाही. जेथे प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणारी शब्बाथची लिफ्ट नाही, तेथे जिना चढावाच लागतो, म्हणून वजन हलके असावे. आणि या बाबतीत जगभरच्या मातांनी ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याचे ऋण मानले पाहिजे, ज्याने स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केले होते आणि १९६५ साली ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी, सुमारे सहा पौंड वजनाची गाडी सिद्ध केली. पण सिनेगॉग मैलभर दूर असून दोन मुले बरोबर असतील, तर केवळ हलकेपणावर भुलून चालणार नाही. पायी चालणाऱ्याची गाडी मोटारीच्या डिकीसाठी नव्हे, तर फरसबंदीसाठी निवडली पाहिजे.

मात्र ही सर्व निवड व्यर्थ आहे, जर गाडी उंबरठ्याबाहेर काढण्याचीच मुभा नसेल. आणि ती मुभा दुकानातून मिळत नाही, शेजाऱ्यांकडून मिळते. एरूव या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था येथे उपयोगी पडते. परंपरा तिचे श्रेय शलमोन राजाला देते. वस्तीभोवती एक अखंड हद्द कल्पून तिच्या आतील सर्व भूमी एका सामाईक घरासारखी मानावयाची, ही तिच्यामागील कल्पना. आणि हद्द म्हणजे सर्वत्र भिंतच पाहिजे असे नाही, कारण भिंतीला दरवाजे असतात, आणि दोन खांबांवरून गेलेली तार हाही शास्त्राच्या दृष्टीने दरवाजाच होय. परंतु खांब रोवल्याने काम संपत नाही. हद्दीतील कुटुंबांचे सामाईक अन्न, बहुधा बेखमिरी भाकरी, एका ठिकाणी ठेवावे लागते, जणू सारे एकाच चुलीचे आहेत; आणि जे शेजारी या धर्माचे नाहीत त्यांच्या भूमीचा वापर करण्यासाठी महापौर किंवा तत्सम अधिकाऱ्याकडून नाममात्र रकमेवर रीतसर भाडेपट्टा घ्यावा लागतो. आठवड्याला एकदा सारी हद्द फिरून तपासावी लागते, आणि तार तुटलेली आढळली व शुक्रवारच्या सूर्यास्तापूर्वी जोडली गेली नाही तर गाड्या घरातच राहतात.

वायव्य लंडनची अशी हद्द, सुमारे ११ मैल परिघाची, २००३ च्या फेब्रुवारीत अमलात आली. तत्पूर्वी या वस्त्या ज्या विभागात येतात त्या बार्नेटच्या स्थानिक सत्तेपुढे अर्ज, नामंजुरी, अपील, चौकशी असा दशकभराहून अधिक काळ तंटा चालला. बहुतेक हद्द घरांच्या पाठभिंती, लोहमार्ग आणि मोठा रस्ता यांचीच होती. वाद होता तो मधल्या फटी भरणाऱ्या खांबांचा आणि डोळ्यांना मुश्किलीने दिसणाऱ्या तारेचा. सार्वजनिक रस्त्यावर एका धर्माची खूण नको, असे काहींचे म्हणणे होते. वस्ती एकजातीय होईल अशी काहींना भीती होती. आणि खांब व तार पाहून छळछावण्यांची आठवण होते असे सांगणारे ज्यूही होते. या शेवटच्या आक्षेपापुढे मी वादात जिंकू इच्छीत नाही. परंतु एरूव ही धर्माची पळवाट आहे, ईश्वराला फसविण्यासाठी ताणलेला दोरा आहे, असे जे बुद्धिवादी म्हणतात त्यांच्याशी माझा ठाम मतभेद आहे. पळवाट काढणारा मनुष्य एकटा, गुपचूप, नियमाच्या नकळत निसटतो; येथे तर संपूर्ण समाजाला उघडपणे शेजाऱ्याच्या दारी जाऊन संमती मागावी लागते, अन्न एकत्र ठेवावे लागते, आणि दर आठवड्याला आपल्या हद्दीची राखण करावी लागते. मातेला घराबाहेर आणण्यासाठी शास्त्राने नियम शिथिल केला नाही. तिच्या घराच्या भिंती शहराच्या टोकापर्यंत नेल्या. विवेकाचे याहून सुंदर उदाहरण धर्मशास्त्रांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रातही शब्बाथच्या दिवसाची ओळख जुनी आहे. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल ज्यू शनिवारी आपला तेलाचा घाणा बंद ठेवीत, आणि शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. लेखी भाडेपट्टा नव्हता, पण शेजाऱ्याचा विश्रांतीचा दिवस गावाने मान्य करून ठेवला होता. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले. दिमोना, अश्दोद, बेअरशेबा या नगरांत आज मराठी बोलणाऱ्या आज्या आहेत, आणि तेथे हद्दीची देखभाल सार्वजनिक व्यवस्थेनेच होत असल्याने नातवाची गाडी शनिवारी बाहेर काढण्यासाठी त्यांना कोणाकडे अर्ज करावा लागत नाही.

सर्वत्र हा प्रश्न असा मिटलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये रब्बी मोशे फाइनस्टाइन यांच्यासारख्या अत्यंत आदरणीय निर्णयकर्त्याने मॅनहॅटन आणि ब्रुकलिन येथील एरूवला विरोध केला. इतक्या गजबजलेल्या शहराच्या रस्त्यांना केवळ तारेने घराचे रूप येत नाही, असा त्यांचा रोख होता. म्हणून आजही ब्रुकलिनमध्ये एकाच इमारतीतील एक कुटुंब शनिवारी गाडी घेऊन निघते आणि दुसरे, तितकेच श्रद्धाळू, निघत नाही. कठोर मत स्वीकारण्याचा अधिकार मी कोणाचाही नाकारीत नाही. परंतु तो स्वीकारणारा पुरुष स्वतः सिनेगॉगला जात असेल आणि त्या मताची किंमत केवळ त्याची पत्नी घरी बसून भरीत असेल, तर त्या कठोरपणात माझ्या दृष्टीने न्याय नाही. अनेक वस्त्यांत शनिवारी पहाटेची एक आणि उशिराची एक अशा दोन प्रार्थना होतात. अशा पित्याने पहाटेच्या प्रार्थनेला जावे, ती आटोपताच घरी परतावे, मूल आपल्या मांडीवर घ्यावे, आणि दुसऱ्या प्रार्थनेला तिला जाऊ द्यावे.